उतारावर झोपवलेली गाडी

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत, पण शाळेशी त्यांचा संबंध चौथीतच संपला होता. चाळीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला आणि त्या चाळीस वर्षांत सोळा जणांना चालवायला शिकवलं, म्हणून मास्तर. सोळावा त्यांचा स्वतःचा मुलगा. तो जाऊन आता चौदा महिने झाले होते, आणि ही गोष्ट ज्या रविवारची आहे त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी अकरा वाजता त्याच्या अपघाताच्या चौकशीची शेवटची तारीख होती.

मुलगा ज्या कंपनीचा ट्रक चालवायचा तिचा अहवाल लांबलचक होता, पण त्यातला ऐवज चार ओळींचा. घाट उतरताना ट्रकचं इंजिन बंद होतं. गिअर न्यूट्रलमध्ये होता. तिसऱ्या वळणावर गाडी कठडा तोडून खाली गेली आणि जाताना रस्त्याकडेला टरबुजं विकत बसलेल्या एका माणसालाही घेऊन गेली. कारण म्हणून लिहिलं होतं, चालकाचा बेजबाबदारपणा. हा शेवटचा शब्द सुनेच्या घशात अडकला तो अडकलाच. नवरा गेल्याचं दुःख तिनं कसंबसं गिळलं असतं, पण हा शब्द गिळायला ती तयार नव्हती. चष्म्याच्या दुकानातली नोकरी सांभाळून तिनं अर्ज केले, खेटे घातले, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर टोलवून घेतलं, आणि शेवटी चौकशीच्या साहेबांकडून एवढं कबूल करून घेतलं की निकाल लिहिण्याआधी घरच्यांचं म्हणणं ऐकलं जाईल.

तिचं म्हणणं सरळ होतं. भरलेली गाडी उतारावर बंद करणं हे नवशिक्याचं काम. माझा नवरा मास्तरांच्या हाताखाली तयार झालेला. तो असं करणारच नाही. गाडी आदळली तेव्हा गिअर निसटला असेल, किल्ली फिरली असेल. हे पटवून द्यायचं तर मास्तर कसे कडक शिकवायचे ते जुन्या ड्रायव्हरांच्याच तोंडून आलं पाहिजे. म्हणून तिनं मास्तरांच्या दोन सोबत्यांना रविवारी दुपारी घरी बोलावलं. ते बोलतील ते फोनवर टिपायचं, रात्रीतून लिहून काढायचं आणि उद्या साहेबांच्या पुढ्यात ठेवायचं.

ती हे ठरवत होती तेव्हा मास्तर काही बोलले नाहीत. हल्ली ते बोलतच नसत, त्यामुळे तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पण या वेळी ते मुद्दाम बोलले नव्हते. कारण उतारावर गाडी बंद करायला मुलाला शिकवलं होतं ते त्यांनीच. आणि हे त्यांनी सुनेला चौदा महिन्यांत एका अक्षरानं सांगितलं नव्हतं.

तीन वाजता पहिला आला तो भोंगा. हा मास्तरांचा चेला, त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. इंजिनाला कान लावून उभी हयात गेल्यामुळे त्याला ऐकायला कमी येई, आणि आपल्यासारखंच जगालाही कमी ऐकू येतं अशी समजूत असल्यामुळे तो साधं "कसं काय" सुद्धा घाटापलीकडच्या माणसाला विचारावं तसं विचारी. त्याच्यामागून वकील आला. हा काही कोर्टातला वकील नव्हे. हाही ड्रायव्हरच, मास्तरांच्या वयाचा, एकाच उस्तादाकडे दोघं शिकलेले. रस्त्यावर अडवणाऱ्या पोलिसाशी हुज्जत घालून त्यालाच माफी मागायला लावली, असा एक किस्सा तो स्वतःच सांगे, म्हणून वकील.

बाहेरची खोली दहा पावलांत संपणारी. दोन खुर्च्या, एक पलंग, भिंतीला शिवणयंत्र, त्याच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. सुनेनं ढीग उचलून आत नेला, शिवणयंत्राचं झाकण लावलं आणि त्यावर पाण्याच्या जगला टेकवून फोन उभा केला. बारा वर्षांची नात दाराच्या चौकटीत वही घेऊन बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण जा असंही कुणी म्हणालं नाही.

"काका, फोनकडे बघू नका," सून म्हणाली. "नुसतं सांगा. तेव्हा गाडी शिकणं म्हणजे काय होतं?"

"काय होतं म्हणजे? छळ होता!" भोंगा ओरडला, आणि नात खुदकन हसली.

मास्तरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. ही पोर हसताना त्यांना कितीतरी दिवसांनी दिसत होती.

"थांब रे, मी सुरुवातीपासून सांगतो," वकील म्हणाला. कुठलीही गोष्ट दुसऱ्यानं सुरू केलेली त्याला चालत नसे. "आमच्या उस्तादानं आम्हाला दोन महिने स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. मास्तर, खोटं बोलतोय का मी? दोन महिने नुसता गिअरच्या दांड्यावर हात. खाली आपला हात, वर त्याचा. तो गिअर टाकणार आणि आपण गप्प बसायचं. म्हणायचा, दात दाताला कधी भेटतो ते आधी तळहाताला कळू दे, डोक्याला नंतर कळलं तरी चालेल."

"कसले दात?" नातीनं विचारलं.

"गिअरचे, बाळा. आताच्या गाडीत नुसतं ढकललं की गिअर पडतो. तेव्हा क्लच दोनदा दाबावा लागे. एकदा गिअर काढायला, एकदा घालायला, आणि मधल्या वेळात इंजिनाचा आवाज ऐकून थोडी रेस द्यायची. जरा इकडंतिकडं झालं की गाडी अशी किंचाळायची की रस्त्यावरची माणसं मागं वळून बघायची."

"आणि उस्ताद फडकं मारायचा," मास्तर म्हणाले.

त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. बोलायचं नाही असं ठरवून ते पलंगाच्या कडेला बसले होते, पण ते फडकं आठवलं आणि शब्द निसटला.

"ओलं फडकं!" वकिलानं मांडीवर थाप मारली. "रेडिएटरचं झाकण उघडायला ठेवलेलं. मानेवर बसलं की चांगला चटका बसायचा."

मग मास्तर स्वतःच सांगत सुटले. पहिल्यांदा सलग सहा तास गाडी हाकली तो दिवस त्यांनी सांगितला. तेव्हाचं स्टेअरिंग जड, वळणावर अक्षरशः त्याला लोंबकळावं लागे. घरी आले तर घास तोंडापर्यंत नेता येईना, हात अर्ध्यात थरथरून खाली येई. शेवटी आईनं भरवलं. बावीस वर्षांचा घोडा मांडी घालून बसलाय आणि आई भरवतेय, आणि धाकटी बहीण शेजारणीला बोलावून दाखवतेय. नात पोट धरून हसली. सुनेच्याही चेहऱ्यावर जरासं हसू आलं. "मग मी माझ्या चेल्यांचे डोळे बांधायला लागलो," मास्तर म्हणाले, "मोकळ्या मैदानात. टॉवेल बांधायचा आणि म्हणायचं, आता आवाजावर गिअर बदल. डोळे उघडे असले की माणूस कान वापरत नाही."

"माझे बांधले होते!" भोंगा म्हणाला. "वाळूच्या ढिगात घातली मी गाडी! आणि खरी गंमत पुढंच आहे. मला रिव्हर्स काही सापडेना. सगळे गिअर पडायचे, रिव्हर्स पडायचा नाही. मास्तर तापानं घरी आजारी, मालकाचा माल पोचवायचाय. तीन दिवस मी गाडी मागं न घेता चालवली! जिथून पुढच्या पुढं निघता येईल तिथंच थांबायचो. एका गोदामात शिरलो तर बाहेर पडायला मागची भिंत पाडावी लागली असती. शेवटी आठ हमालांनी गाडी ढकलून बाहेर काढली, आणि मी आत बसून त्यांनाच सूचना देतोय!"

आता वकीलही हसत होता, मास्तरही हसत होते. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसले ते. त्या घटकाभरात त्यांना खरोखरच विसर पडला की आपण हे कशासाठी सांगतो आहोत. तेलकट केबिन, पायाखालचा तापलेला पत्रा, थंडीत हँडल मारून चालू करायचं इंजिन, हे सगळं त्यांचं होतं. जगात त्यांना एवढी एकच गोष्ट येत होती आणि ती त्यांना फार चांगली येत होती.

"आणि ह्यांना कसं शिकवलंत, बाबा?" सुनेनं विचारलं.

खोलीतलं हसू ओसरलं. मास्तरांनी जगमधलं पाणी ओतून घेतलं, तेव्हा फोन आडवा पडला. सुनेनं तो पुन्हा उभा केला.

"तसंच," ते म्हणाले. "सगळ्यांना शिकवलं तसंच."

वकील मास्तरांकडे बघत होता. कंपनीचा अहवाल त्याच्या कानावर आला होता. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, एवढं ऐकल्यावर त्या पिढीच्या ड्रायव्हरला वेगळं काही सांगावं लागत नाही. त्यानं घसा खाकरला. "बास झालं की एवढं. शिस्तीचं सगळं आलं यात. पोरी, चहा टाकतेस का?"

पण भोंग्याला कुणी अहवाल सांगितला नव्हता. ब्रेक निकामी झाले एवढंच तो कुठून तरी ऐकून होता. आणि घसा खाकरण्यातला इशारा कळायचा तर आधी घसा खाकरलेला ऐकू यायला पाहिजे.

"चहा राहू दे! घाटाचं सांगितलंच नाही कुणी!" तो खुर्चीत पुढे सरकला. "मास्तरांची खरी विद्या घाटात. ऐक गं पोरी. जुनं इंजिन चढण चढून वर पोचलं की तापून लाल. पाणी उकळायला लागलेलं. घाटमाथ्यावर मास्तर म्हणायचे, झोपव तिला. झोपव म्हणजे काय? गिअर काढायचा, किल्ली फिरवायची, इंजिन बंद! आणि मग नुसत्या उतारावर, नुसत्या ब्रेकवर गाडी खाली. अकरा किलोमीटर! आवाज नाही, काही नाही, नुसतं वारं. इंजिन गार होतं, डिझेल वाचतं आणि गाडी अशी तरंगत खाली येते..." त्यानं दोन्ही हात हवेत तरंगवून दाखवले. "भित्र्याचं काम नव्हे ते. ज्याला झोपवता आली तो ड्रायव्हर, असा मास्तरांचा हिशोब. तुझ्या नवऱ्यानं पहिल्यांदा झोपवली तेव्हा मी मागच्या गाडीत होतो. एकोणीस वर्षांचं पोरगं! खाली पुलापाशी आला आणि मास्तरांनी काय केलं माहितेय? रस्त्यात उतरून मिठी मारली त्याला! आम्हाला कुणाला कधी नाही मारली!"

तो एकटाच हसला. मग त्याला दिसलं की बाकी कुणीच हसत नाही.

सुनेनं हात लांब करून फोन बंद केला. नात उठली, वही छातीशी धरून आत गेली आणि तिनं आतून दार लोटलं.

"काय झालं?" भोंगा म्हणाला. यावेळी त्याचा आवाज साध्या माणसासारखा निघाला.

मास्तर फरशीकडे बघत होते. झालं ते झालं, असं त्यांना वाटलं. चौदा महिने ज्याची धास्ती होती ते एकदाचं झालं. आता ही उठेल, तोंडाला येईल ते बोलेल आणि बोलावंच तिनं. ते वाट बघत राहिले.

शेवटी वकीलच बोलला. "पोरी, एक समजून घे. जुन्या गाडीला तेलाचे ब्रेक. इंजिन चालू असो की बंद, पायात जोर असला की लागायचे. स्टेअरिंग तर कायमच जड. त्यामुळं तेव्हा ते चालून जायचं. नवीन गाडीचं तसं नाही. इंजिन बंद केलं की स्टेअरिंग दगडासारखं होतं, फिरता फिरत नाही. ब्रेक हवेचे. दाबत राहिलं की टाकीतली हवा संपते आणि हवा संपली की मागची चाकं आपोआप आवळली जातात. मग वळणावर भरलेली गाडी कोण आवरणार? आपल्या पिढीला हे ठाऊक नव्हतं. मलासुद्धा पोरगा गेल्यावर कळलं."

सुनेनं पदराच्या टोकाला पीळ घातला, सोडला, पुन्हा घातला.

"बाबा," ती म्हणाली, आणि मास्तरांनी मान खाली घातली. "तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. जुन्या गाडीची ती रीत होती. वीस वर्षांपूर्वी तुम्ही शिकवलंत ते तुमच्या गाडीपुरतं बरोबरच होतं. यात तुमचा काय दोष?"

मास्तरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण ती खरंच तसं म्हणाली होती, आणि तिच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता. शरमेनं त्यांचा जीव अर्धा झाला. आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगा, त्यांना सुटल्यासारखंही वाटलं. कारण मनात धरलेली खरी गोष्ट ही नव्हतीच. ती अजून तशीच होती, आणि तिच्यापर्यंत या खोलीत कुणी पोचलं नव्हतं.

ती गोष्ट अशी. अपघाताच्या आठच दिवस आधी मुलाला कंपनीनं नवा ट्रक दिला. शिकवायला म्हणून कुणीतरी आलं होतं, पण त्यानं कागदावर सह्या घेतल्या आणि बटणं दाखवून गेला. त्या संध्याकाळी मुलगा याच पलंगावर बसला होता, मोजे काढत. त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, ही नवी गाडी उतारावर झोपवता येते का हो? मला जरा वेगळीच वाटतेय." मास्तरांनी त्या जातीच्या ट्रकात पायसुद्धा ठेवलेला नव्हता. मला माहीत नाही, कुणा जाणकाराला विचार, एवढं म्हणायला सहा शब्द पुरले असते. पण सोळा जणांचा मास्तर असं कसं म्हणणार? सहा वर्षं घरी बसून होते ते. कुणी काही विचारायला येत नव्हतं. कितीतरी दिवसांनी मुलगा त्यांना गाडीतलं काही विचारत होता, आणि त्या आनंदात त्यांनी छाती फुगवून सांगितलं, "गाडी म्हणजे गाडी. चाकं गोल आहेत ना? मग झोपव बिनधास्त." मुलगा हसला. "तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," म्हणाला.

"मी हे भोंगाकाकांचं पुसून टाकते," सून म्हणत होती. पण फोन तिनं उचलला नाही. ती तशीच बसून राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू ढासळत गेलं. "पण पुसून तरी काय होणार, काका? म्हणजे कंपनी खरं तेच बोलत होती. ह्यांनीच बंद केली गाडी."

"सवयीनं झालं असेल," वकील म्हणाला.

"सवयीनं? गाडी नवी होती ना? नवी होती हे कळत होतं ना त्यांना?" तिचा आवाज चिरकला. "आमच्या दुकानात नुसती काच नव्या कंपनीची आली तरी आम्ही चार जणांना विचारतो आणि मगच गिऱ्हाईकाच्या डोळ्याला लावतो. आणि हे एवढा मोठा ट्रक घेऊन घाटात गेले. एकदा विचारायचं कुणाला तरी! एकदा! मी घरात होते, पोरगी घरात होती, खाली तो बिचारा माणूस आपली टरबुजं घेऊन बसला होता. कुणाचाच विचार आला नाही मनात?"

"पोरी..."

"मी चौदा महिने भांडले, काका. लोकांच्या पाया पडले. त्या टरबूजवाल्याच्या बायकोच्या डोळ्यांत बघून म्हणाले, माझ्या नवऱ्याची चूक नाही." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "उद्या मी जात नाही. लिहू देत त्यांना काय लिहायचं ते. बेजबाबदार तर बेजबाबदार. होतेच ते."

वकिलानं मान हलवली. त्याला काही सुचत नव्हतं, आणि सुचत नसलं की तो समोरच्याचं म्हणणं मान्य करून टाके. "खरंय. विचारायला पाहिजे होतं पोरानं," तो म्हणाला.

मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायची त्यांना सवय होती. दोघे सोबती चहा पिऊन निघून जातील, सून उद्या कामावर जाईल, रात्री नेहमीसारखं ताट वाढेल, बाबा गोळी घेतलीत का म्हणून विचारेल. हे घर, ही सून, ही नात, सगळं जिथल्या तिथं राहील. मुलगा तेवढा जाईल. एकदा गेलाच होता, आता बायकोच्या मनातूनही जाईल.

"विचारलं होतं त्यानं," मास्तर म्हणाले.

"काय?"

"त्यानं विचारलं होतं. गाडी मिळाली त्या संध्याकाळी. इथं बसून. तू आत स्वयंपाक करत होतीस."

सुनेला आधी नीट कळलंच नाही. मग तिनं विचारलं, "कुणाला विचारलं होतं?"

"मला."

भोंगा कानामागे हात धरून पुढे वाकला होता. वकिलानं त्याचा हात धरून खाली घेतला.

मग मास्तरांनी हलक्या आवाजात सगळं सांगितलं. मुलगा काय म्हणाला, आपण काय म्हणालो, एकही शब्द बदलला नाही. चाकं गोल आहेत ना, हेही सांगितलं. सांगताना त्यांना आपलाच आवाज परक्या माणसाचा वाटत होता. सून एकटक त्यांच्याकडे बघत ऐकत होती.

"तुम्ही कधी बसला होतात तसल्या गाडीत?" तिनं विचारलं.

"नाही."

"चालवताना तरी बघितली होतीत कुणाला?"

"नाही."

"मग सांगितलंत कसं?"

"माहीत नाही म्हणायची लाज वाटली."

वकील उठला. भोंग्यालाही त्यानं उठवलं. भोंगा दारात थांबला, त्याला काहीतरी बोलायचं होतं, माफी मागायची होती बहुतेक, पण कुणाची मागावी ते त्याला कळेना. चपला घालून दोघं निघून गेले. जिन्यावर त्यांची पावलं बराच वेळ वाजत राहिली.

"चौदा महिने," सून म्हणाली. "मी रोज रात्री तुमच्यासमोर बसून ते कागद वाचायचे. तुम्ही ऐकत होतात. तो शब्द आला की मी रडायचे, आणि तुम्ही म्हणायचात, जाऊ दे बाळ, देव बघतोय. चौदा महिने माझ्या हातचं जेवलात तुम्ही."

मास्तरांनी हात जोडले. ते तिनं पाहिलं नाही किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. तिनं फोन उचलला, पुसायचं काही पुसलं नाही, नवं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फोन त्यांच्या गुडघ्यापाशी पलंगावर ठेवला.

"पुन्हा सांगा. तारखेसकट. आणि उद्या तिथंही असंच सांगायचं. साहेबांसमोर, आणि त्या माणसाच्या बायकोसमोर."

"सांगतो."

"आणि उद्या तुमचे तुम्ही या. माझ्या शेजारी बसू नका."

त्यांनी पुन्हा सांगितलं, तारखेसकट. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं, पण नाही गेलं. मधे दोनदा थांबावं लागलं. सुनेनं घाई केली नाही आणि पाणीही दिलं नाही.

त्यांचं सांगून संपलं तेव्हा आतलं दार उघडलं. नात बाहेर आली. रडून तिचे डोळे सुजले होते, आणि ती आईला चिकटून उभी राहिली. आईनं तिला जवळ घेतलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"ऐक," ती म्हणाली. "तुझे बाबा बेजबाबदार नव्हते. कुणी काही म्हणू दे. नवी गाडी मिळाली तेव्हा त्यांनी विचारलं होतं. उतारावर बंद करू का म्हणून नीट विचारलं होतं त्यांनी."

नातीचा चेहरा उजळला. खरंच उजळला, भर दुपारी खिडकी उघडावी तसा. तिनं आईकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "कुणाला?"

सून मास्तरांकडे बघत उभी राहिली, आणि त्यांच्या लक्षात आलं की हेही त्यांनीच सांगायचं आहे.